दहा फुटी छताखाली दोन गाड्या

घरच्या गॅरेजात कार लिफ्ट दोन कारणांसाठी बसवली जाते. एका गाडीच्या जागेत दोन गाड्या ठेवायच्या असतात, नाहीतर गाडीखाली शिरून स्वतः दुरुस्ती करायची असते. एकाच यंत्रात दोन्ही कामे उरकतील या आशेने खरेदीला निघणारे पुष्कळ, आणि जागा अपुरी असेल तर पस्तावणारेही तेच. पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, असे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केले. त्या घोषणेचे पुढे काय व्हायचे ते होवो. दुसरी गाडी डोक्यावर चढवायची असेल तर आधी टेप घेऊन छत मोजावे लागते. आपल्याकडची बहुतेक छते या परीक्षेत नापास होतात.

माहितीपत्रकात पहिला आकडा टनांचा असतो. साडेतीन टन, चार टन असे ठळक अक्षरांत छापलेले असते. घरगुती ग्राहकाला त्याचा फारसा उपयोग नाही. टोयोटा फॉर्च्युनरसारखी भारदस्त गाडीही दोन टनांच्या थोडीच पुढे जाते, आणि साध्या हॅचबॅकचे वजन टनाच्या आसपास असते. ताकद बहुतेक यंत्रांत पुरेशी असते. अडते ते सेंटिमीटरांत.

हिशेब सोपा आहे. मारुती स्विफ्टची उंची १.५२ मीटर. दोन स्विफ्ट एकावर एक म्हणजे ३.०४ मीटर. वरच्या गाडीखालच्या पट्ट्यांची जाडी साधारण १२ सेंटिमीटर, खालच्या गाडीचे छत आणि त्या पट्ट्या यांत १० सेंटिमीटर मोकळे, वरच्या गाडीचे छत आणि स्लॅब यांत आणखी १०. बेरीज ३.३६ मीटर, म्हणजे अकरा फूट. आपल्याकडे बंगल्याचा मजला सहसा दहा फुटांचा धरतात. त्यातून स्लॅबची जाडी आणि फरशी वजा केली की हातात उरतात २.८५ ते २.९ मीटर. तुळईखाली मोजले तर त्यातूनही फूटभर जातो. थोडक्यात, बाजारातल्या बुटक्या गाड्यांपैकी दोन घेतल्या तरी दहा फुटी मजल्यात त्या सरळ एकावर एक राहत नाहीत. खाली स्कॉर्पिओ-एन (१.८६ मीटर) आणि वर स्विफ्ट म्हटले तर बारा फुटांच्या वर उंची लागते.

मोजतानाही गफलत होते. टेप स्लॅबला लावून आकडा लिहिला जातो आणि तुळई विसरली जाते. रोलिंग शटर असेल तर दरवाजाच्या आतल्या बाजूला त्याचा गुंडाळलेला रूळ फूट-दीड फूट खाली लोंबत असतो. वर गेलेल्या गाडीची शेपूट नेमकी तिथे येते. छताचा पंखा, ट्यूबलाइट, वरच्या न्हाणीघराचे सांडपाण्याचे पाइप, सगळे मोजायचे. हॅचबॅकची डिकी उघडली की ती गाडीच्या छतापेक्षा बरीच वर जाते, म्हणजे लिफ्टवर असताना ती उघडताच येत नाही. सर्वांत कमी उंचीचा बिंदू हीच गॅरेजची खरी उंची.

जपानने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. तिथे १९६२ पासून कायदा आहे: गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलीस ठाण्याचा दाखला लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. शहरांत जागा नाही म्हणून यांत्रिक पार्किंग आले, आणि तिथल्या असंख्य यांत्रिक पार्किंगांची उंचीची मर्यादा १.५५ मीटर ठरून गेली. मग गाड्याच त्या मापात बसवल्या जाऊ लागल्या. मझदाने सीएक्स-३० ची उंची १.५४ मीटर ठेवली ती याच हिशेबाने. तिथे पार्किंगच्या पाळण्याने गाडीला आकार दिला. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्यांचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला आहे. क्रेटा १.६३ मीटर, वॅगन आर १.६७, फॉर्च्युनर १.८३. सोसायट्यांतल्या कित्येक स्टॅक पार्किंगचे वरचे पाळणे गंजत पडलेले दिसतात. त्याला देखभालीचा आळस कारण असतोच. पण सभासदांनी घेतलेल्या नव्या गाड्या त्यांत मावत नाहीत, हेही तितकेच खरे. घरगुती लिफ्टचेही तेच होऊ शकते. लिफ्ट वीस वर्षे टिकते, गाडी सात-आठ वर्षांत बदलते. माप आजच्या गाडीचे न घेता पुढे घेतली जाण्याची शक्यता असलेल्या सर्वांत उंच गाडीचे घ्यावे. ते बसत नसेल तर लिफ्टचा विचार सोडावा, हे कोणताही विक्रेता सांगणार नाही.

उंची पुरत असेल तर पार्किंगसाठी चार खांबांची लिफ्ट सर्वांत बिनघोर. गाडी दोन पट्ट्यांवर चाकांनिशी उभी राहते, सस्पेन्शन लोंबत नाही, भार चार ठिकाणी वाटला जातो. अडचण रुंदीची. खांबांच्या बाहेरून बाहेरपर्यंत अशी लिफ्ट साधारण २.६ मीटर भरते, आणि इमारतीतला गाडीचा गाळा सहसा अडीच बाय पाच मीटरचा. दहा सेंटिमीटरसाठी शेजाऱ्याच्या गाळ्यात खांब जातो. बंगल्यात हा वाद नाही, पण भिंत जवळ असेल तर चालकाचा दरवाजा नेमका खांबावर आपटतो. खरेदीआधी खांबांच्या जागी खडूने चौकोन आखावेत, गाडी आत घ्यावी आणि दार उघडून बाहेर येऊन पाहावे. चढणीचे रॅम्प लांबीत तीनेक फूट खातात. फाटक त्यांच्यावर येऊन बंद होत नाही, हे अनेकांना फाटक लावतानाच कळते.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकातल्या चित्रांत दिसत नाही. वरची गाडी पावसातून आलेली असते. चिखल, पाणी, कधी इंजिन ऑइलचा थेंब, सगळे खालच्या गाडीच्या छतावर. पट्ट्यांच्या मधली मोकळी जागा झाकणारे पत्रे किंवा ट्रे हा ‘ऐच्छिक’ भाग म्हणून वेगळ्या किमतीत दाखवला जातो. कोकण आणि घाटमाथ्याच्या पावसात तो ऐच्छिक नाही.

वरची गाडी काढायची तर खालची आधी बाहेर काढावी लागते. ही किरकोळ गैरसोय वाटते, पण लिफ्ट वापरात राहणार की अडगळ होणार हे बहुधा इथेच ठरते. सकाळी सातला मुलाला क्लासला सोडणारी गाडी आणि साडेनऊला ऑफिसला जाणारी गाडी यांची वरखाली जागा रोज रात्री आठवणीने लावावी लागते. आठवड्यातून एकदा निघणारी गाडी वर आणि रोजची खाली, अशी विभागणी असलेल्या घरातच हा प्रकार सुखाने चालतो. जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर जिवापाड जपणाऱ्यांसाठी तर तो उत्तमच.

यावर उपाय म्हणून खड्ड्यातली लिफ्ट सुचवली जाते आणि सोबत एक गैरसमजही विकला जातो: खड्डा खणला की छताची उंची लागत नाही. खड्ड्याच्या दुमजली लिफ्टमध्ये दोन्ही पाळणे एकत्र वरखाली होतात. एरवी वरचा पाळणा जमिनीच्या पातळीवर, खालचा खड्ड्यात. खालची गाडी काढायची तर सगळा सांगाडा वर येतो, म्हणजे वरची गाडी तेव्हा छताकडे जातेच. तिला हात न लावता खालची गाडी काढायची असेल तर जमिनीच्या वर तीच अकरा-बारा फूट उंची हवी. छत कमी असेल तर वरची गाडी आधी बाहेर काढून मग रिकामा पाळणा उचलायचा. म्हणजे खड्ड्याचा खर्च करूनही ‘आधी तुझी काढ’ हे सुटले नाही. दोन्ही गाड्या स्वतंत्रपणे निघतात त्या अंगणात, उघड्या आभाळाखाली बसवलेल्या खड्ड्याच्या लिफ्टमधून.

शिवाय खड्डा म्हणजे सहा-सात फूट खोल आरसीसीची टाकी. पुण्याच्या बाजूला चार फुटांवर कातळ लागून ब्रेकर लावावा लागतो, तर मुंबईत आणि कोकणपट्टीत खालून पाणी येते. टाकी आतून-बाहेरून जलरोधक हवी, तळाला संप आणि आपोआप सुरू होणारा पंप हवा. धो धो पाऊस आणि वीज जाणे या दोन गोष्टी बरोबरच येतात, तेव्हा पंपाला इन्व्हर्टरही हवा. बंगल्याच्या खांबांचे पाये शेजारीच असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय कुदळ मारू नये. हे सगळे धरले तर यंत्रापेक्षा खड्डाच महाग पडू शकतो.

वरचा पाळणा तिरका राहणारी लिफ्ट हा मधला मार्ग. वरच्या गाडीचे एक टोक खाली झुकते आणि खालच्या गाडीच्या बॉनेटवरची मोकळी जागा वापरली जाते. होंडा सिटीसारख्या, दीड मीटरच्या आतल्या सेडान असतील तर फूटभर उंची वाचते. तरी दहा फुटी मजल्यात गणित काठावरच राहते. एसयूव्हीचे बॉनेटच उंच, त्यामुळे तिथे हा फायदा विरतो.

दुरुस्तीची हौस असणाऱ्यांचा मार्ग वेगळा आणि स्वस्त. कात्रीसारखी उघडणारी, मध्यम उंचीची लिफ्ट मिटल्यावर जमिनीपासून चार-साडेचार इंच राहते. आपल्या गाड्या त्यावरून सहज जातात. ती गाडी मीटर-सव्वा मीटर उचलते. स्विफ्ट १.२ मीटर उचलली तर तिचे छत २.७२ मीटरवर जाते; स्लॅबखाली बसते, तुळईखाली नाही. म्हणून लिफ्टची जागा दोन तुळयांच्या मधोमध धरायची. चाके काढणे, ब्रेक पॅड बदलणे, तेल बदलणे चाकाच्या स्टुलावर बसून आरामात होते. कात्रीचा सांगाडा गाडीच्या पोटाखालीच असल्यामुळे गिअरबॉक्सचे काम मात्र अडते.

सर्व्हिस सेंटरमधली दोन खांबांची लिफ्ट पाहून तीच हवी म्हणणारे असतात. हायड्रॉलिक कार लिफ्टचा उगम न्हाव्याच्या खुर्चीत सांगतात: अमेरिकेतल्या मेम्फिसचा मेकॅनिक पीटर लुनाटी याने दाबाने वर होणारी ती खुर्ची पाहिली आणि गाडीसाठी तसेच यंत्र बनवले. त्याला १९२५ मध्ये पेटंट मिळाले. त्याची लिफ्ट एका खांबाची, जमिनीत गाडलेली होती. दोन खांबांचा आजचा प्रकार पुढचा. त्याला रुंदी सव्वातीन मीटरहून जास्त लागते, माणूस उभा राहील इतकी गाडी उचलली तर छत दहा फुटांच्या पलीकडे जाते, आणि सगळा भार बाहेर आलेल्या हातांवर असल्यामुळे खांब उपटू पाहणारा ताण जमिनीतल्या बोल्टांवर येतो. आखूड गॅरेजात ही लिफ्ट म्हणजे हौसेचा अतिरेक.

बोल्टांचा विषय निघाला की जमीन पाहावी लागते. दोन खांबांच्या लिफ्टसाठी चांगल्या प्रतीचे किमान चार इंच सलग काँक्रीट ही बहुतेक उत्पादकांची अट, काहींची त्याहून जास्त. आपल्याकडे मुरमावर पातळ पीसीसी आणि वर पेव्हर ब्लॉक किंवा टाइल्स असतात. टाइल ठोकून पाहिल्याने काही कळत नाही. एका कोपऱ्यात भोक पाडून जाडी मोजावी. खाली तळघर असेल, किंवा पोडियमचा स्लॅब ताणलेल्या केबलचा असेल, तर ड्रिल मशीन हातातच घेऊ नये.

विजेची भीती उगाच घातली जाते. दीड टनाची गाडी १.८ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा युनिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. पंप आणि तेलातली गळती धरली तरी दर खेपेला काही पैसेच. प्रश्न क्षणिक भाराचा आहे. २.२ किलोवॅटची सिंगल फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते, आणि तेव्हाच एसी व गिझर चालू असतील तर एमसीबी पडतो. मंजूर भार तपासून स्वतंत्र वायर ओढली की काम झाले.

वीज गेल्यावर मात्र खरी परीक्षा. गाडी वर गेली की ती तेलाच्या दाबावर उभी ठेवायची नसते. लोखंडी खटके खाचांत अडकवून सगळा भार त्यांच्यावर सोडायचा असतो. खटके एकामागून एक ‘टक टक’ वाजत जातात, आणि गाडी थोडी खाली टेकवली की चारही खांबांवर ते बसतात. तीन बसले आणि एक राहिला, असे होते. म्हणून चारही खांब डोळ्यांनी पाहूनच खाली वाकायचे. हे खटके सोडवण्यासाठी गाडी आधी दोन-तीन इंच वर उचलावी लागते. वीज नसेल तर ती उचलणार कोण? हाताने चालवायचा पंप नसेल तर वरची गाडी वीज येईपर्यंत वरच. रुग्णालयात जायची वेळ त्याच रात्री आली तर, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. युरोपात अशा लिफ्टसाठी ईएन १४९३ आणि पार्किंगच्या यंत्रांसाठी ईएन १४०१० ही मानके आहेत. प्रमाणपत्रावर यांपैकी कोणते आणि कोणत्या मॉडेलसाठी आहे, ते वाचून घ्यावे. वायर रोपवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये दोर सैल पडला किंवा तुटला तर थांबवणारी वेगळी सोय असावी लागते. दमट हवेत दोराचे तंतू आतून गंजतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर तो तपासायचा.

सदनिकाधारकांसाठी आणखी एक पायरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही असे ठरवले. ती सोसायटीच्या सामायिक वापराची. तिथे लिफ्ट बसवायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि खांबांचे बोल्ट सामायिक स्लॅबमध्ये जाणार म्हणून तोंडी होकार पुरत नाही. नव्या घरात थोडी सोय झाली आहे. महारेराने २०२४ मध्ये पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी आणि उंचीही करारात लिहिणे बंधनकारक केले. उंचीचा तो आकडा तुळईखालचा आहे की स्लॅबखालचा, हे सही करण्याआधी विचारायला हरकत नाही.

लिफ्ट बसल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी चाचणी घरातल्या सर्वांत जड गाडीवर घ्यावी. गाडी पूर्ण वर नेऊन खटक्यांवर टेकवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी सिलिंडरच्या तोंडाशी आणि नळ्यांच्या जोडांवर तेल पाझरले आहे का ते कोऱ्या कागदाने पुसून पाहावे. नंतर मुख्य स्विच बंद करून बसवणाऱ्यालाच गाडी हातपंपाने खाली आणायला सांगावे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानेही ते एकदा करून पाहावे.