यानावरचा मळ येतो कुठून?

‘अवकाशात ना धूळ ना पाऊस, मग यान मळेल कशाने?’ विज्ञानकथांतल्या यानांची प्लास्टिकची मॉडेलं जोडून रंगवणाऱ्याला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. विचारणारा निम्मा बरोबर असतो. लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि ओल दोन्ही लागतात. पोकळीत ओलच नाही, आणि यानाचं अंगही बहुधा लोखंडाचं नसतं. त्यामुळे पोटाखालून तांबडे ओघळ काढण्याआधी हे यान कुठल्या ग्रहावर, किती काळ उघड्यावर उभं होतं ते ठरवावं लागतं.

पण अवकाशात यान कोरं करकरीत राहतं, हे साफ चूक. नासाने एप्रिल 1984 मध्ये एलडीईएफ नावाचा बसएवढा सांगाडा पृथ्वीभोवती सोडला आणि जानेवारी 1990 मध्ये शटलमधून परत आणला. निरनिराळ्या वस्तूंचं तिथे काय होतं हे बघणं, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर पांढरा रंगही लावलेला होता. मागच्या बाजूचा रंग अतिनील किरणांनी तपकिरी पडला. पुढची बाजू मात्र पांढरीच राहिली, कारण समोरून आदळणारा अणुरूप ऑक्सिजन रंगाचा करपलेला थर सतत झिजवत होता. शिवाय सूक्ष्म उल्का आणि कचऱ्याच्या कणांनी पाडलेले खड्डे जागोजागी होतेच.

फाल्कन 9 रॉकेटचा परत उतरलेला पहिला टप्पा तर वेदरिंगचा, म्हणजे मॉडेलवर मळ आणि झीज रंगवण्याच्या कामाचा, धडाच आहे. काजळी सगळीकडे सारखी बसत नाही. अतिथंड द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीवर बाहेरून हिमाचा थर धरलेला असतो, तिथे काजळी फारशी चिकटत नाही. त्याखालचा केरोसीनच्या टाकीचा भाग काळा पडतो. दोन्हींमधली सीमा इतकी सरळ असते, की कुणी टेप लावून फवारा मारला असं वाटावं. आणि डिस्कव्हरी शटल 39 उड्डाणं करून 2012 मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयात आलं, तेव्हा त्यांनी ते घासूनपुसून नवं केलं नाही. टाइल्सवरचे ओघळ आजही तसेच दिसतात.

आता दुसरं टोक: ‘वेदरिंग म्हणजे तपकिरी रंग फासायचा.’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कराडजवळच्या मलकापुरात महामार्गाच्या कडेला, डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांसमोर उभं राहावं. उसाचा हंगाम असेल तर फारच उत्तम. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीकडे नीट बघा. चिखल चाकांच्या मागे आणि मडगार्डच्या आतल्या अंगाला, छताला नाही. रंग उडालाय तो कडांवरून, कोपऱ्यांवरून आणि फाळक्याच्या कडीभोवती, जिथे रोज हात लागतो आणि साखळी आपटते. कडीजवळचा पत्रा रोजच्या घासण्याने चकाकतो. त्याच्या वीतभर खाली, जिथे रंग उडाला पण हात लागत नाही, तिथे गंज. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीच्या तोंडाखाली काळा ओघळ, आणि त्या तेलकट ओघळावरच धूळ जाड बसलेली. बाजूचा कोरडा पत्रा त्यामानाने स्वच्छ. एवढं डोळ्यांत साठवलं की यानाच्या इंधन झडपेपाशी काय रंगवायचं आणि पंखाच्या वरच्या बाजूला काय टाळायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. प्रत्येक डागाला कारण लागतं. कारण सांगता आलं नाही तर तो डाग काढून टाकावा, असं माझं मत आहे.

‘पण सिनेमातली यानं तर सगळीच जुनाट दिसतात!’ सगळी नाही. 1968 च्या ‘2001: ए स्पेस ओडिसी’तलं डिस्कव्हरी यान फिकट आणि स्वच्छ आहे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ने वापरून झिजलेल्या यानांची चाल पाडली. त्या मॉडेलांवरची यंत्रांची गर्दी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या किटमधले भाग चिकटवून केलेली होती. मिलेनियम फाल्कन तस्कराचं, डागडुजी करून चालवलेलं जहाज, म्हणून ते मळकट. पहिल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं एंटरप्राइझ शिस्तीच्या ताफ्यातलं, म्हणून त्याच्यावर जेमतेम छटा. त्या मालिकेसाठी बनवलेलं सुमारे 11 फुटी मॉडेल 1974 पासून स्मिथसोनियनकडे आहे. 1991 मध्ये त्याची दुरुस्ती झाली तेव्हा अंगावर पत्र्यांच्या जोडांच्या रेघा आणि मळकट छटा ठळक उमटवल्या गेल्या, आणि चाहते नाराज झाले. 2016 मध्ये पुन्हा काम झालं ते मूळ रूपाकडे नेण्यासाठी. यानाच्या पुढच्या तबकडीच्या वरच्या अंगावर मूळ रंग शिल्लक होता, तोच पुरावा मानला गेला. त्या मूळ रंगावरच्या रेघा साध्या पेन्सिलीच्या आहेत.

एअरब्रशशिवाय हे जमतच नाही, या समजुतीला त्या पेन्सिलीने परस्पर उत्तर दिलंच आहे. एअरब्रशने सपाट थर आणि हळूहळू विरणारी छटा छान येते, नाही कोण म्हणतं? पण रंग उडालेल्या कडांसाठी भांडी घासायच्या स्पंजाचा चिमूटभर तुकडा, उघड्या धातूच्या चकाकीसाठी मऊ पेन्सिलीचं शिसं, काजळीसाठी पेस्टल खडूची पूड, यांवर बरंच काही निघतं. अस्तराला मात्र फाटा देऊ नये. गॅरेजमधला पेंटरही लांबी घासून झाली की अस्तराचा हात मारल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाही.

मापाचा विचार फारच थोडे लोक करतात. 1/72 मापाच्या किटवर एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या यानावर सात सेंटिमीटरहून मोठी जखम. ब्रशच्या टोकाने सहज टेकवलेले ठिपके त्या हिशेबाने तोफगोळ्याच्या खुणा होतात. रंगही थोडे फिके घ्यावेत, कारण मोठी वस्तू दुरून हवेच्या पडद्याआडून फिकट दिसते, आणि छोटं मॉडेल आपण ते दुरून बघतोय अशा बेताने रंगवायचं असतं. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा शक्यतो नकोच.

‘वॉश म्हणजे सगळ्या अंगावर काळं पाणी.’ हेही नाही. आधी चकचकीत वार्निशचा थर द्यायचा, मग बारीक ब्रशच्या टोकावर पातळ केलेला रंग घेऊन तो खाचेला नुसता टेकवायचा. केशाकर्षणाने रंग आपोआप खाचेतून धावत जातो. मॅट पृष्ठभागावर तेच केलं तर रंग खाच सोडून आजूबाजूला पसरतो आणि ढगाळ डाग पडतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘थिनर म्हणजे थिनर’. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा एनसी थिनर हातात पडतं. गाड्यांच्या रंगाला ते ठीक. किटचं प्लास्टिक बहुतांशी पॉलिस्टायरीन असतं, आणि असल्या तीव्र द्रावकात ते विरघळतं. मॉडेलचा गोंद काम करतो तोही याच तत्त्वावर: तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. इनॅमलचा वॉश पातळ करायला मागायचं ते टर्पेंटाइन. तेही उघड्या प्लास्टिकवर सढळ हाताने नको. दाबून बसवलेल्या जोडापाशी प्लास्टिक ताणलेलं असतं, तिथे ते मुरलं तर तडा जाऊ शकतो. आधी रंग आणि वार्निश पूर्ण सुकू द्यावं.

पाण्यात मिसळणारे रंग निर्धोक, असंही ऐकू येतं. ब्रशने लावताना फारशी चिंता नाही, पण फवारलं की त्याच रंगाचे सूक्ष्म थेंब फुफ्फुसात जातात. कणांसाठी चांगला मास्क हवा. लॅकर फवारणार असाल तर वाफ शोषणारं कार्ट्रिज लावलेला मास्क हवा, कापडी मास्क वाफेला अडवत नाही. खिडकी उघडी ठेवणं याच्या जोडीला आहे, बदली नाही.

पावसाळ्यात मात्र ती उघडी खिडकी आड येते. कराड-मलकापूरकडे जुलैत हवा ओली असते. स्प्रे कॅनमधलं लॅकर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर पांढुरका पडतो. अशा वेळी पुष्कळजण डब्यालाच नावं ठेवतात. डबा बहुतेक वेळा चांगला असतो. मॅट वार्निशचा शेवटचा हात उघडीप मिळेपर्यंत थांबवावा. तोवर डेकल (किटसोबतची चिकटवायची चिन्हं) लावून, वॉश मारून ठेवायला हरकत नाही.