जुनी थार घेतलीत? आधी टायर बघा

परवा एका मित्राने जुनी थार घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "बुलबार कुठला बसवू?" मी म्हटलं, कुठलाच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये तो बसत नाही, दंड होतो.

बजेट बेताचं असेल तर पहिला पैसा टायरवर. चांगले ऑल-टेरेन, तेही कंपनीच्याच साइजचे. मोठ्या टायरने पिकअप आणि मायलेज दोन्ही मार खातात.

मग छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज. मऊ वाळूत हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, गाडी रुतत नाही. नदीपात्रात अडकलेली गाडी मी नुसती हवा कमी करून काढलीय! डांबरीवर आलात की लगेच हवा भरा.

ओढायचा पट्टा टो-हुकलाच लावा, बंपरला कधीच नाही.

लिफ्ट किट, विंच नंतर.

तुमची गाडी कुठली, बजेट किती? बिनधास्त विचारा.