बिनतारी खूणचिठ्ठी व उद्यांचें गणकयंत्र

टोलनाक्यावर गाडीच्या कांचेवरील फास्टॅग कसा वाचला जातो, हें वाशीस आंबा पाठविणाऱ्या आमच्या बागायतदारांस सांगावयास नको. 2021 च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा आहे. त्या चिठ्ठींत विजेरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या लहरींतूनच शक्ति घेऊन ती आपला क्रमांक सांगते. हापुसास 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी परप्रांतीय फळ त्याच नांवानें खपतेंच. तेव्हां उद्यां पेटीवरहि अशी चिठ्ठी लावावी असें कोणी सुचविल्यास नवल नाहीं.

परंतु नुसता क्रमांक ऐकून दुसरी तशीच चिठ्ठी बनवितां येते. यास उपाय दोन. एक डिजिटल सही, जशी आपल्या सातबाऱ्यावर असते. दुसरा, चिठ्ठी व कचेरी या दोघांसच ठाऊक असलेलें गुपित; यंत्र दर खेपेस नवा प्रश्न विचारतें व चिठ्ठी त्या गुपिताच्या आधारें उत्तर देते.

आज प्रचारांत असलेल्या सह्या क्वांटम गणकयंत्रास मोडतां येतील, हें पीटर शोर यांनीं 1994 सालीं दाखविलें. एवढें समर्थ यंत्र अद्यापि झालेलें नाहीं. तरीहि अमेरिकेच्या मानक संस्थेनें ऑगस्ट 2024 मध्यें तीन नव्या पद्धती प्रसिद्ध केल्या. अडचण जागेची आहे. जुनी सही 64 बाइटांत मावे. नव्यांपैकीं एका पद्धतीची सही लहानांत लहान 2,420 बाइटांची, आणि चिठ्ठीचा क्रमांक बहुधा अवघा 12 बाइटांचा! पायलींत खंडीभर भात ओतण्याचाच हा प्रकार.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. पावती शेतकऱ्याच्या हातीं, स्थळप्रत कचेरींत, ही जुनी रीतच येथें उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. मोठी सही दप्तरांत ठेवावी. चिठ्ठींत क्रमांक व गुपित एवढेंच असावें. गुपितावर क्वांटम यंत्राचा मारा त्या मानानें सौम्य असतो. त्याचें बळ फार तर निम्म्या लांबीच्या गुपिताइतकें उतरतें. म्हणून 128 बिटांऐवजीं 256 बिटांचें गुपित घेतलें कीं भागतें.

शिवाय पेटी पंधरवड्यांत रिकामी होते. तिच्या चिठ्ठीसाठीं वीस वर्षांनंतरच्या यंत्राचें भय कशाला? गुरांच्या कानांतील चिठ्ठी मात्र वर्षानुवर्षें टिकावी लागते, आणि सातबारा तर नातवंडांपर्यंत. तेथें सही बदलण्याची सोय आजच हवी. विक्रेता ‘क्वांटम-सुरक्षित’ म्हणून जादा दाम मागूं लागल्यास त्यास प्रथम एवढेंच विचारावें कीं, प्रत्येक चिठ्ठीचें गुपित निराळें आहे, कीं सर्वांस एकच?