पुढचा भाग आहे का?

गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या अंगाला लागून दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. १९७७ साली ती उभी राहिली, आणि आता तिथे न संपणाऱ्या गोष्टींचे चित्रीकरण बारा महिने चालू असते. एखादी दूरचित्रवाणी मालिका हजार भाग ओलांडते, आकडा लिहिलेला केक कापला जातो, फोटो छापून येतात. तोच नायक, तेच घर, तीच सासू रोज रात्री ठरल्या वेळी भेटली की माणूस खूश. हाच माणूस पुस्तकांच्या दुकानात शिरला की मात्र त्याची अभिरुची एकाएकी उंचावते. मुलाने एकाच नायकाचे सातवे पुस्तक मागितले की तो म्हणतो, ‘तेच तेच काय वाचतोस? काहीतरी चांगलं वाच.’

या ‘काहीतरी चांगलं’ने मराठीचे जेवढे वाचक पळवून लावले तेवढे टीव्हीनेही लावले नसतील, हे प्रस्तुत लेखकाचे जुने मत आहे आणि या दिवाळीतही त्यात बदल नाही. मूल पुस्तक परत करायला येते आणि ग्रंथपालाला विचारते, ‘याचा पुढचा भाग आहे का?’ त्या दिवसापासून ते वाचक. त्याआधी ते फक्त शाळेत जाणारे मूल असते.

अगदी लहानांच्या बाबतीत आजचा काळ बरा आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळायला नको. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’मधली पुस्तके आणि यशच्या गोष्टी बऱ्याच घरांत पोचल्या आहेत. चार वर्षांच्या पोराला हवे असते ते ओळखीचे माणूस नव्या पानावर, आणि पुरंदरेबाई ते बरोबर देतात. त्यांचेच ‘वाचू आनंदे’ बालगटासाठी दोन आणि कुमारगटासाठी दोन अशा चार भागांत आहे. त्यात मराठीतले उत्तम उतारे आणि जोडीला चित्रकला आहे. शिक्षकांनी ते कपाटात कुलूपबंद न ठेवले तर बरे. प्रथम बुक्सची पातळ पुस्तके खिशाला परवडतात.

त्यानंतरचा टप्पा चिंटूचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि त्याच्या संग्रहांची रांग लागली. पालक चिंटूला वाचनात धरत नाहीत. धरावे. दोन-तीन चौकटी, चार संवाद आणि शेवटी हसू. मूल पहिल्यांदा ओठ न हलवता वाचते ते बहुधा इथेच. चिंटूच्या पुढे दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. बोक्या मुळात आकाशवाणीवरचा, म्हणून त्याची भाषा कानाला आधी पटते आणि डोळ्यांना मागाहून. मोठ्या आवाजात वाचून दाखवायला बोक्याइतके सोयीचे पुस्तक दुसरे नाही.

आता खऱ्या विषयाकडे.

भास्कर रामचंद्र ऊर्फ भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० चा, निधन २००१ चे. त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक चालवले, ज्यूल व्हर्नला ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मराठीत आणले आणि ढीगभर इतर लेखन केले. पण त्यांनी आणखी काहीही लिहिले नसते तरी फास्टर फेणेच्या वीस पुस्तकांवर त्यांचे नाव राहिले असते. फुरसुंगीचा बनेश फेणे, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. काडीसारखा पोरगा, बुडाखाली सायकल, आणि काही सुचले किंवा संकट आले की तोंडातून ‘ट्टॉक्!’ फुरसुंगीचे नाव वर्तमानपत्रांनी गेली कित्येक वर्षे कचरा डेपोच्या बातमीत छापले. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना मात्र ते गाव बन्यामुळे ठाऊक आहे.

फास्टर फेणे चालला तो रहस्यामुळे, असे सर्रास म्हटले जाते. तेवढेच खरे नाही. रहस्ये काही ठिकाणी चांगली आहेत, काही ठिकाणी बेताचीच. चोर कोण हे चाणाक्ष मुलाला निम्म्यात कळते. तरी ते पुस्तक खाली ठेवत नाही, कारण भागवतांचे वाक्य पळते. बन्या पायडल मारतो तेव्हा वाक्ये आखूड होत जातात, क्रियापदे पुढे येतात, आणि मध्येच लेखक थांबून वाचकाच्या कानात एखादी चेष्टा सांगून जातो. लेखक आपल्या बाजूचा आहे, हेडमास्तरांच्या नाही, हे मुलाला पहिल्या पाच पानांत कळून चुकते. उपदेश जवळजवळ शून्य. शिवाय भूगोल खरा: हा पोरगा प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो आणि पुण्याच्या रस्त्यांवरून तर अखंड हिंडतो. मुलांना पुढे नकाशा काढून बघावासा वाटतो, आणि तो बघितला की बन्याचा रस्ता सापडतो.

एका जाणत्या समीक्षकांनी मागे लिहिले होते की हे सारे इंग्रजी मुलांच्या साहसकथांची नक्कल आहे. त्यांचे नाव घेण्यात अर्थ नाही. त्यांनी वीसपैकी किती पुस्तके वाचली होती याचीच शंका आहे. एनिड ब्लायटनच्या १९४२ पासून निघालेल्या ‘फेमस फाइव्ह’च्या एकवीस पुस्तकांत मुले सुट्टीवर जातात आणि साहस घडते. बन्याला सुट्टीची वाट पाहावी लागत नाही. तो दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो आणि गोत्यात येतो. ही खोड अस्सल इथली, आळीतली. आणि घेतलेच असेल काही बाहेरून, तर बिघडले काय? गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ उभ्या केल्या, आणि आपल्या आजोबांनी त्या रात्री जागून वाचल्या.

दुसरा वाद क्रमाचा. फास्टर फेणे पहिल्यापासून क्रमाने वाचावा, असा आग्रह हल्ली संच विकणारे धरतात. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ न वाचता हॅरीचा चौथा भाग उघडला तर मूल चक्रावून जाईल, हे मान्य. बन्याचे तसे नाही. वाचनालयात वीसपैकी अकराच उरली असतील तर त्या अकरांतले हाताला येईल ते उचलावे. उरलेली नऊ कुठे मिळतील हा शोध मुलावर सोपवावा. शोधण्यातच निम्मी मजा असते, आणि घरपोच आलेल्या वीस पुस्तकांच्या खोक्यात ती नसते.

भागवतांचाच बिपीन बुकलवार मात्र अन्यायाने मागे पडला. हा पुस्तकवेडा मुलगा, आणि त्याची हुशारी येते ती वाचलेल्या पुस्तकांतून. वाचणारे पोर म्हणजे चष्मिस, दुबळे, हसण्याचा विषय, अशी जी चाल आपल्या गोष्टींत पडली तिला बिपीन हे सणसणीत उत्तर होते. त्याच्या वाट्याला कोणी दिग्दर्शक आला नाही. बन्याला दूरदर्शनने सुमीत राघवन दिला, आणि २०१७ साली आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघ दिला. चित्रपट चांगला चालला. त्यात प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवत झाले, हेही गोड. पण त्यातला बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याच्या वयाचा. दहा वर्षांच्या मुलाचा मित्र एकदम कॉलेजात गेला! पुस्तके त्या निमित्ताने पुन्हा खपली असतील, पण ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांना पडद्यावर आपल्या वयाचे कोणी दिसले नाही.

ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. ती पुस्तके प्रेमळ आहेत. आजच्या मुलाला त्यांतले घर समजावून सांगावे लागते, एवढीच अडचण.

खरी पोकळी बारा ते सोळा या वयात आहे. या वयाच्या मुलाला फास्टर फेणे बालिश वाटू लागतो आणि ‘कोसला’ अजून झेपत नाही. एकेकाळी ही जागा रहस्यकथांच्या पॉकेटबुकांनी भरली होती. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार आणि विजया, काळापहाड ही मंडळी गिरगावच्या चाळीपासून कोकणातल्या एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची होती. गुरुनाथ नाईक गोव्याचे. त्यांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांनी अर्नाळकरांनंतरची पिढी सांभाळली. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास असे चार वेगळ्या वळणांचे नायक चालवले. नारायण धारपांचे समर्थ या सगळ्यांहून निराळे. रात्री वाचले तर दिवा मालवायला उठवत नसे.

ही पुस्तके विकत घ्यायची नसत, सर्क्युलेटिंग लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणायची असत. लायब्ररीवाला पातळ कव्हर फाडून जाड पुठ्ठा लावी, दाभणाने आरपार दोरा ओवी, त्यामुळे आतल्या बाजूचे एकेक अक्षर शिवणीत जाई आणि ते अंदाजाने वाचावे लागे. पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे. खाली दुसऱ्या अक्षरात ‘खोटं आहे, वाचा’ असेही कधीकधी असे. सर्वांत मोठा दगा म्हणजे शेवटची दोन पाने नसणे.

याला साहित्य म्हणायचे का, यावर परिसंवाद झाले आणि होतील. बंगाल्यांनी असे परिसंवाद घेण्यात वेळ घालवला नाही. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’मध्ये फेलूदा सुरू केला आणि आज तो बंगाली घराचा मानबिंदू आहे. अशोक जैन यांनी केलेला फेलूदाचा मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढला, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला आज तो सर्वांत भरवशाचा संच आहे. पण आपली पोकळी बंगालच्या गुप्तहेराने भरावी आणि आपला झुंजार रद्दीत जावा, हे काही भूषणावह नाही. धारप साकेत प्रकाशनाने पुन्हा छापले. ‘दुनियादारी’ चित्रपटानंतर, २०१३ पासून, शिरवळकरांकडे नवी पोरे वळली. अर्नाळकरांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

प्रौढांच्या मालिकांबद्दल थोडक्यात. नाथमाधवांची स्वराज्यमाला आज जड जाते. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालावरच्या पाच कादंबऱ्यांपैकी ‘झुंजार माची’पासून सुरुवात करावी. नेमाड्यांचे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ हे चतुष्टय ज्यांना नोकरीचा कंटाळा आला आहे त्यांनी जरूर वाचावे. आणि चिं. वि. जोशी! बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या पंडिताने चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ आणि मोरू-मैना अशी माणसे तयार केली, ती कुठल्याही वयात, कुठल्याही पानावर उघडून वाचता येतात. चिमणरावाला दूरदर्शनवर चेहरा दिला तोही प्रभावळकरांनीच. मराठी मालिकांचा इतिहास लिहायचा तर या एका नटाचे चरित्र लिहून निम्मे काम होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, पेढे वाटले गेले. त्या आठवड्यात दिंडोशीतल्या मराठी घरातले नऊ वर्षांचे मूल ‘विम्पी किड’ नाहीतर ‘जेरोनिमो स्टिल्टन’ वाचत होते, आणि आजही वाचते आहे. त्यात त्याचा काही दोष नाही. ते इंग्रजी शाळेत जाते, घरी मराठी अस्खलित बोलते, पण देवनागरी अडखळत वाचते. अशा मुलाला वाढदिवशी ‘श्यामची आई’ देणारे काका दिंडोशीत इमारतीगणिक एक सापडतील. पुस्तक थोर आहेच, पण पहिले म्हणून नव्हे. चिंटू, मग बोक्या, मग फास्टर फेणे असा रस्ता धरला तर ते पोर स्वतःहून श्यामपर्यंत येईल. मुखपृष्ठावर ‘वयोगट ८ ते १२’ छापणाऱ्या प्रकाशकांनाही एक विनंती: ते काढा. चौदा वर्षांचा पण मराठीत कच्चा मुलगा तो आकडा बघून पुस्तक लपवतो.

मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोशीत नागरी निवारा परिषदेची वसाहत उभी केली, तेव्हा मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या हजारो घरांना छप्पर मिळाले. त्या बिऱ्हाडांबरोबर पुस्तकेही आली. दोन खोल्यांत माणसे मावेनात तशी ती पोटमाळ्यावर गेली. एप्रिल २०२२ पासून मेट्रो दिंडोशीला थांबते. डब्यात हातात पुस्तक क्वचित दिसते, कानात मात्र सगळ्यांच्या काहीतरी असते. त्यात स्टोरीटेलवरच्या मराठी मालिकाही असतात, हे मान्य केलेच पाहिजे. ऐकणारा माणूसही ‘पुढचा भाग कधी?’ असेच विचारतो. पण पोटमाळ्यावरचे अर्नाळकर कोणी ऐकवत नाही. त्यांचा कागद स्वस्तातला होता, हात लावला की कोपरे तुटतात.

म्हणून वाचकांना एकच विनवणी. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पुठ्ठा लावलेली, दोऱ्याने शिवलेली पुस्तके खाली आली तर ती किलोवर देऊ नका. शेवटची पाने नसली तरी देऊ नका. दुसऱ्या कोणाच्या प्रतीत ती असतील. नावे आणि मालिकेतले क्रमांक एका कागदावर लिहा आणि जवळच्या वाचनालयाला दाखवा. वाचनालयाने नाही म्हटले, तर शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलाला द्या.