पोरगा मोबाइलवर पैसे लावतोय, आईने काय करावं?

मैत्रिणींनो, बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना आपण कारण सांगतो. दवाखाना, शाळेची फी, गावाकडचं लग्न. पण 'घरात जरा अडचण आहे' एवढंच बोलून एखादी ताई गप्प बसते, तेव्हा कधीकधी ती अडचण दहावी-बारावीतल्या पोराच्या सट्ट्याची असते. आरेच्या पाड्यांपासून मुलुंडच्या वस्तीपर्यंत मोबाइल घराघरांत आहे, म्हणून हा विषय.

मुंबईला जुगार नवा नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, पुढे रतन खत्रींचा मटका चालला. गिरणी कामगारांचे पगार त्यात गेले. पण आकडा लावायला तेव्हा अड्ड्यावर जावं लागायचं, कोणीतरी बघायचं, घरी कळायचं. आता पोरगा पांघरुणात रमी खेळतो, आयपीएलवर पैसे लावतो आणि शेजारी झोपलेल्या आईला पत्ता नसतो.

सुरुवातीला पन्नास-शंभर रुपये जिंकतो, तिथेच गळ लागतो. दर वेळी जिंकला असता तर कंटाळला असता. कधी मिळतं, कधी नाही, म्हणूनच हात थांबत नाही. हरला की 'गेलेले परत काढतो' म्हणून आणखी लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत धरलंय. त्यामुळे 'वळण नाही' म्हणून मारून ते जात नाही. मार खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी नीट लपवतो, एवढंच.

ओळखायचं कसं? आपल्या खात्यातून छोट्या छोट्या रकमा कटतात, मेसेज डिलीट झालेले असतात. क्लासची फी दिली म्हणतो, पावती नसते. मॅचच्या दिवशी चिडचिड, रात्री जागरण. मित्र पैसे मागायला दारात येतात. यातलं एखादं दिसलं म्हणजे जुगारच, असं नाही; दोन-तीन एकत्र दिसली तर विचारा.

विचारताना चारचौघांत नको, वडिलांचा पारा चढलेला असताना तर नकोच. 'किती गेले?' याआधी 'किती दिवस चाललंय?' हे विचारा. पहिल्यांदा सांगेल तो आकडा बहुतेक कमीच असतो, म्हणून कोणाकोणाचे देणे आहे ते त्यालाच कागदावर लिहायला लावा. मग यूपीआयचा पिन बदला. आपल्या नावाचं सिम, आपलं एटीएम आपल्याकडेच ठेवा. रोख पैसे थोडेच हातात द्या.

आता कर्जाचं. आई दागिना गहाण टाकते, गटातून कर्ज काढते आणि सगळं एकदम फेडते. माझ्या मते हे सगळ्यात महागात पडतं, कारण पोराला पाटी कोरी मिळते आणि तो पुन्हा लावतो. मित्राकडून उसने घेतलेले असतील तर हप्त्याने, त्याच्याही कष्टातून फेडा. सट्टा लावणारा माणूस धमकावत असेल तर घाबरू नका: पैजेचं देणं कोर्टातून वसूल करता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करारही कायद्याने टिकत नाही. धमकी आली तर पोलीस ठाणे गाठा. खात्यातून फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे मदत मागायला कचरू नका. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, तरी परदेशी साइटच्या लिंक व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर फिरतातच.

पोरगा 'मला जगायचं नाही' म्हणाला तर नाटक समजू नका. एकटं सोडू नका, त्याच क्षणी टेली-मानसचा १४४१६ लावा. हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पोरगा तयार नसेल तर आईने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. समोरासमोर दाखवायचं असेल तर कूपर रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे; जाताना त्याने लिहिलेला तो कागद सोबत न्या.