पत्र्याचे छप्पर व घरची डागडुजी

मढसारख्या समुद्रकाठच्या गावी पन्हळी पत्र्याचा खरा वैरी पाऊस नव्हे, खारा वारा होय. लोखंडावरील जस्ताचा मुलामा स्वतः झिजून आतले लोखंड राखतो. तो सरला की बहुधा खिळ्याच्या भोकाशीच प्रथम गंज धरतो. तेथील गंज खरवडून, जुना खिळा काढून, किंचित जाड स्क्रू रबरी चकतीसह बसवावा. तोही पन्हळीच्या उंचवट्यावर, कारण खळगीतून पाणी वाहते. तांब्याची चकती कदापि नको. तिच्या संगतीने जस्त लवकर खाल्ले जाते.

पत्रा कोरडा असतानाच चढावे, आणि शिडी धरावयास खाली दुसरा माणूस हवाच. पाऊल खिळ्यांच्या रांगेवर ठेवावे. आधाराचे लाकूड तिच्याखालीच असते. सिमेंटचा पत्रा मात्र ठिसूळ. त्यावर पाऊलच ठेवू नये. ते काम कारागिराचे.