मासळीवरील शिक्का आणि गिऱ्हाइकाचें मन

आपल्या मासिकांत मासळीचा विषय पाहून कांहीं वाचक विचारतील कीं, नांगर धरणाऱ्यास जाळ्याशीं काय कर्तव्य? उत्तर सरळ आहे. नाशिककडील जो द्राक्षबागाईतदार युरोपांत माल धाडतो, त्यास ग्लोबलगॅपचा दाखला मिळवावा लागतो. सेंद्रिय म्हणून माल विकणाऱ्यासही दाखला लागतो. दाखल्यास पैसा पडतो, वह्या ठेवाव्या लागतात, तपासनीस बांधावर येतो. एवढें करून गिऱ्हाईक खरोखर वळतें काय, आणि वळलें तर त्याचा लाभ कोणाच्या पदरांत पडतो, हा प्रश्न आपलाच आहे. मासळीच्या धंद्यानें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याचा पुष्कळ अनुभव घेतला आहे. म्हणून तो वृत्तांत येथें देतों.

प्रथम शिक्क्याची गरज कां पडते तें पाहूं. मासळी ताजी कीं शिळी हें कल्ला उचलून पाहिल्यास कळतें. चव खाल्ल्यावर कळते. बियाणें उगवणारें कीं नाहीं हें देखील पेरल्यावर आठ-पंधरा दिवसांत उघड होतें. परंतु मासा कोणत्या जाळ्यानें धरला, धरतांना दुसरे कोणते जीव मेले, समुद्रांत त्याचें बीज पुरेसें उरलें कीं नाहीं, हें पाहूनही कळत नाहीं आणि खाऊनही कळत नाहीं. तेथें गिऱ्हाइकास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. तो शब्द म्हणजे शिक्का.

ज्यास आपल्या कोंकणपट्टीवर कुपा म्हणतात तो ट्यूना मासा अमेरिकेंत डब्यांत भरून विकतात. पूर्व पॅसिफिक महासागरांत मोठ्या कुप्याचे थवे डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतात. म्हणून तेथील मच्छीमार डॉल्फिन हेरून त्यांच्याभोंवतीं पर्ससीन जाळें टाकीत. कुप्याबरोबर डॉल्फिनही सांपडत व गुदमरून मरत. १९८८ सालीं अशा एका जहाजावर आचारी म्हणून राहिलेल्या सॅम लाबड या इसमानें टिपलेलें चलच्चित्र लोकांस दाखविण्यांत आलें, तेव्हां अमेरिकेंत मोठा क्षोभ झाला. घरोघर डबा घेणें बंद करण्याची चळवळ सुरू झाली व तींत शाळांतील मुलेंही सामील झालीं. अखेर एप्रिल १९९० मध्यें तेथील तीन मोठ्या कंपन्यांनीं डॉल्फिन मारून धरलेला कुपा घेणार नाहीं असें जाहीर केलें. त्याच वर्षीं ‘डॉल्फिन-सुरक्षित’ हा शिक्का केव्हां लावावा याचा कायदाही झाला.

याचा परिणाम टाइझल, रो व हिक्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं विक्रीचे आंकडे घेऊन तपासला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, शिक्क्यामुळें डबाबंद कुप्याचा बाजारांतील वांटा वाढला. म्हणजे येथें गिऱ्हाईक खरोखर वळलें. पूर्व पॅसिफिकांत १९८६ सालीं सव्वा लाखाहून अधिक डॉल्फिन या मासेमारींत मेले होते. १९९३ सालीं हा आंकडा चार हजारांच्या आंत आला. मात्र सर्व श्रेय शिक्क्यास देणें न्यायाचें होणार नाहीं. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारानें मरणाऱ्या डॉल्फिनांस मर्यादा घातली, आणि जाळ्याची कड खालीं सोडून त्यांस बाहेर काढण्याची रीतही मच्छीमारांनीं साधली.

याच प्रकरणाची दुसरी बाजू ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. डॉल्फिन टाळण्यासाठीं कित्येक जहाजें पाण्यांतील ओंडक्यांभोंवतीं व मुद्दाम सोडलेल्या तराफ्यांभोंवतीं जाळीं टाकूं लागलीं. तेथें डॉल्फिन नसतो, परंतु कुप्याचीं पिलें, मुशी व कांसवें अधिक सांपडतात. डब्यावरचा शिक्का खोटा नव्हता. पण तो एकाच गोष्टीविषयीं बोलत होता. गिऱ्हाइकानें मात्र त्यावरून सारेंच ठीक आहे असें मानलें. शिक्का काय सांगतो याइतकेंच तो काय सांगत नाहीं हेंही विचारलें पाहिजे.

पुढें याहून व्यापक शिक्का निघाला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड मासा शतकानुशतकें अक्षय समजला जात होता. बेसुमार मासेमारीनें तो इतका खालावला कीं, जुलै १९९२ मध्यें सरकारास मासेमारी बंद करावी लागली व हजारों कुटुंबांची रोजी बुडाली. या धड्यानंतर १९९७ सालीं वन्यजीवरक्षक संस्था डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. आणि गोठविलेल्या मासळीची मोठी व्यापारी कंपनी युनिलिव्हर यांनीं मिळून मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल स्थापिली. माशांचा सांठा पुरेसा आहे काय, इतर जीवांस व समुद्रतळास उपद्रव किती, आणि मासेमारीवर देखरेख नीट आहे काय, या तीन कसोट्या तिनें ठरविल्या. तपासणी कौन्सिल स्वतः करीत नाहीं. ती त्रयस्थ तपासनीस करतात. दाखल्याची मुदत पांच वर्षांहून अधिक नसते व दरवर्षीं फेरतपासणी होते. त्रयस्थ नजर व ठराविक मुदत या दोन अटींवांचून कोणताही शिक्का म्हणजे केवळ शाई होय, हें दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास वेगळें सांगावयास नको.

आतां दुकानांतील गिऱ्हाइकाकडे वळूं. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरांतील एका दुकानसमूहानें आपल्या दहा दुकानांत ताज्या मासळीवर हिरवी, पिवळी व तांबडी अशा चिठ्ठ्या लावल्या. हिरवी म्हणजे उत्तम, पिवळी म्हणजे जपून, तांबडी म्हणजे टाळावी. हॉलस्टीन व व्हिलास-बोआस यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला याचा हिशेब असा: एकंदर मासळीची विक्री शेंकडा १५.३ नें घटली, पिवळ्या चिठ्ठीच्या मालाची शेंकडा ३४.९ नें घटली, आणि हिरव्या चिठ्ठीची विक्री वाढल्याचा कांहीं पुरावा मिळाला नाहीं. तांबडीच्या विक्रींतील फरकही गणितानें पक्का ठरला नाहीं. माझ्या मतें याचा बोध हा कीं, निंदेचा शब्द गिऱ्हाइकाच्या मनांत लवकर रुजतो, स्तुतीचा उशिरा. आणि संशयांत पडलेलें गिऱ्हाईक चांगला माल शोधीत न बसतां तो पदार्थच सोडून देतें.

मग शिक्क्याचें बळ कशांत आहे? तें पुष्कळ अंशीं दुकानदारांत आहे. २००६ सालीं वॉलमार्ट या अमेरिकेंतील बलाढ्य दुकानसमूहानें समुद्रांत धरलेली आपली सर्व ताजी व गोठविलेली मासळी तीन ते पांच वर्षांत या कौन्सिलच्या दाखल्याचीच घेण्याचा संकल्प जाहीर केला. असा एक ग्राहक लाखों घरगुती ग्राहकांपेक्षां भारी पडतो. त्यास लोकनिंदेचें भय असतें व पुढील वर्षींही माल मिळावा अशी गरज असते.

भावाचें म्हणाल, तर लंडनच्या दुकानांतील गोठविलेल्या अलास्का पोलॉक माशाच्या विक्रीवरून रोहाइम, आश व इन्सिग्नारेस यांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, शिक्क्याच्या मालास सुमारें शेंकडा १४ अधिक भाव मिळत होता. परंतु हा भाव दुकानांतला आहे, बंदरावरचा नव्हे. तपासणीचा खर्च बहुधा मच्छीमारांच्या बाजूस येतो आणि वाढीव पैसा मात्र विक्रीच्या टोंकाशीं दिसतो, ही यांतली मेख आहे.

आपल्या देशांतही एक उदाहरण आहे. केरळांतील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरांतील तिसऱ्यांचें उत्पन्न अतिरेकी उपशानें १९९० नंतरच्या दशकांत घटलें. तेव्हां तेथील लोकांनीं तिसऱ्यांच्या पैदाशीचे महिने वर्ज्य केले व जाळ्याच्या छिद्राचें माप ठरविलें. २०१४ सालीं या मासेमारीस कौन्सिलचा दाखला मिळाला. भारतांतील तो पहिलाच. येथें क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं शिस्त लागली, मग शिक्का आला.

तेव्हां आपल्या मंडळीनें कोणत्याही शिक्क्यासाठीं वर्गणी काढण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हा शिक्का नेमकी कोणती गोष्ट सांगतो? तपासणारा त्रयस्थ आहे काय? घाऊक खरेदीदार तो मागतो काय, कीं आपणच हौसेनें लावणार? आणि वाढीव भावांतील किती आणे शेतावर परत येतील, हें करारांत लिहून मिळेल काय? पहिल्या दोहोंचें उत्तर समाधानकारक नसेल तर तो शिक्का लावूं नये. शेवटच्या दोहोंचें नसेल तर शिक्का चांगला असला तरी त्याचा खर्च आपल्या माथीं एकट्यानें घेऊं नये.